फळं पडण्याचा वेग

दाजींनी आजवर दोनशे बारा गेम लिनक्सवर चालवून दाखवले होते आणि त्यातला एकही ते खेळले नव्हते.

यात त्यांना काही वावगं वाटत नसे. स्थळं जुळवणारा माणूस संसार थोडाच करतो? गेम विंडोजसाठी लिहिलेला असावा, दुसरीकडे पाय ठेवायला त्याने साफ नकार द्यावा, आणि दाजींनी त्याची समजूत घालून, वेळप्रसंगी थापा मारून त्याला लिनक्सवर नांदायला लावावं, इथे त्यांचा रस संपे. पडद्यावर मेनू उमटला, दोन सूर वाजले, की लिनक्सवाल्यांच्या फोरमवर जाऊन ‘उत्तम. कसलीही अडचण नाही’ असा शेरा लिहायचा आणि पुढच्या गेमकडे वळायचं. मेनूच्या पलीकडे काय चालतं याची चौकशी त्यांना भोचकपणाची वाटे.

थापा मारायच्या म्हणजे मधे एक लेयर बसवायचा. गेम विचारतो, ‘सी ड्राइव्ह कुठाय?’ लेयर एका साध्या फोल्डरकडे बोट दाखवतो, ‘हा काय.’ गेम विचारतो, ‘पण तू विंडोजच ना?’ लेयर पापणीसुद्धा न लववता म्हणतो, ‘म्हणजे काय!’ सासू आणि सून यांच्या मधे उभं राहून दोघींना आपापल्या सोयीचं ऐकवणाऱ्या नवऱ्याचंच हे काम, फक्त लेयर त्यात म्हातारा होत नाही. कुठल्या गेमला कुठल्या थापा, कुठल्या क्रमाने मारायच्या हे ज्या फाइलीत लिहून ठेवतात ती स्क्रिप्ट. स्क्रिप्ट लिहिण्यात दाजींचा हात धरणारा त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी नव्हता. ग्रंथालयात ते आणि एक दमेकरी ग्रंथपाल असे दोघेच होते, हा भाग वेगळा.

‘दाजी’ हे नाव त्यांना बायकोच्या दवाखान्याने दिलं. बायको फिजिओथेरपिस्ट. तळमजल्यावर दोन खोल्या, एकीत पलंग आणि दोऱ्या-कप्प्या, दुसरीत कॉम्प्युटर. सगळे पेशंट तिला ताई म्हणत, म्हणून तिचा नवरा आपोआप दाजी झाला. दाजी दवाखान्यात फारसे फिरकत नसत. गेलं की खुर्च्या हलवाव्या लागत.

त्या कॉम्प्युटरवर सहा वर्षं एकच गेम होता. झाडावरून फळं पडतात, खाली टोपली. टेबलाला ठोकलेली एक दांडी पेशंटने दुखऱ्या हाताने धरायची, इकडेतिकडे सरकवायची, की टोपली सरकते. दोन मिनिटं, सत्तर फळं. पक्षाघाताचा झटका येऊन हात गेलेल्या माणसाला ‘हात शंभर वेळा हलवा’ म्हटलं तर तो भिंतीकडे बघतो. ‘काल त्या बाईंनी चव्वेचाळीस फळं पकडली’ म्हटलं की दात-ओठ खाऊन दांडीला भिडतो. गेम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मग एके दिवशी कॉम्प्युटरनेही तिच्या पावलावर पाऊल टाकलं.

“नव्या विंडोजवर हा गेम चालत नाही म्हणतात,” ताई जेवताना म्हणाली.

दाजींचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली होती.

“माझ्यावर सोड,” ते म्हणाले.

“तेच करायची भीती वाटतेय,” ताई म्हणाली. पण दुसरा उपाय नव्हता.

तीन आठवडे दाजी स्क्रिप्टवर बसले. चाळीस ओळींची स्क्रिप्ट चारशे ओळींची झाली. आधी गेमला अक्षरं दिसेनात, मग दांडी उलटी चालू लागली, मग आवाज आला पण चित्र गेलं. एकेक अडचण दूर होत अखेर झाड उगवलं, टोपली आली, आणि सत्तरच्या सत्तर फळं एखादी गोणी फाटावी तशी चार सेकंदांत धबाधब खाली कोसळली.

हे दाजींना कळण्यासारखं होतं. जुन्या गेमांना खोड असते, सेकंदाला जितकी चित्रं काढता येतील तितक्या वेगाने त्यांचं जग पळतं. नवा कॉम्प्युटर दांडगा, म्हणून फळंही दांडगी. स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालून चित्रांना लगाम घालायचा, झालं. पण किती? मुळात फळं किती वेगाने पडत होती हे दाजींना ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत त्यांनी ती बाग चालू असताना पाहिलीच नव्हती. बायकोला विचारणं हा एक मार्ग होता. पण तो कुठल्याच मॅन्युअलमध्ये दिलेला नव्हता. त्यांनी वेगवेगळे आकडे घालून पाहिले. सेकंदाला चाळीस चित्रांवर फळं छान डुलत-डुलत येत. डोळ्यांना बरं वाटलं. त्यांनी चाळीस लिहिलं आणि फोरमवर शेरा टाकला: उत्तम. कसलीही अडचण नाही.

दवाखान्यात चमत्कार झाला.

घड्याळकाकांचं उदाहरण घ्या. वय अडुसष्ट, पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, आणि झटक्याने नेमका उजवा हात धरला. चार महिने अडतिसाच्या पुढे त्यांची गाडी हलली नव्हती. नव्या कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी त्यांनी एक्कावन्न फळं पकडली. चव्वेचाळीसवाल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई अठ्ठावन्नवर गेल्या आणि त्यांनी आनंदाने दांडीचा मुका घेतला. पंधरा दिवसांत दवाखाना असा काही बरा होऊ लागला की ताईला स्वतःच्याच हातगुणाचा धाक वाटू लागला.

“तुमच्या त्या लिनक्सने कमाल केली हो,” ती दाजींना म्हणाली.

दाजी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळचीच एक शक्ती असते असं त्यांनी ग्रंथपालांना समजावलं. ग्रंथपाल खोकले. शेवटी राहवेना, म्हणून फोरमवर त्यांनी सविस्तर लिहिलं, की या पद्धतीने गेम चालवल्यास रुग्ण झपाट्याने सुधारतात.

खाली एकच उत्तर आलं. ‘बेडूक’ या नावाने वावरणारा कुणी एक फोरमवर सगळ्यांच्या चुका काढत असे. त्याने विचारलं होतं: ‘लगाम कितीचा? मूळ गेम साठचा आहे. माझ्याकडे जुनी मशीन आहे, मोजून सांगतो.’

दाजींनी ते तीनदा वाचलं. साठ. त्यांनी लावले होते चाळीस. म्हणजे फळं दोन तृतीयांश वेगाने पडत होती, आणि गेमचं घड्याळही चित्रं मोजूनच चालत असल्यामुळे तेही त्याच चालीने रांगत होतं. कुणी बरं झालं नव्हतं. फळं हळू पडत होती, इतकंच.

दुपारी अर्धी रजा टाकून दाजी दवाखान्यात पोचले ते आकडा बदलायच्या निश्चयाने. आत घड्याळकाका नुकते दांडीवरून उठत होते आणि पडद्यावर एकसष्ट झळकत होते. शेजारी त्यांची लेक उभी होती. ती विमा कंपनीत दावे तपासायची. पुढ्यात आलेला प्रत्येक माणूस काहीतरी लपवतो आहे, ही तिची नोकरीची गरज होती आणि आता स्वभाव झाला होता.

“बाबांच्या दुकानाचा करार महिनाअखेर संपतोय,” ती ताईला सांगत होती. “मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण जागा मागतोय. माझं म्हणणं, देऊन टाका. मागे यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या डायलवर ओरखडा काढला, मग महिनाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. परत तसलं नको.”

“हात जागेवर आला असेल तर?” काका म्हणाले.

“आला असेल तर ताई लेखी देतील. तुमच्याकडे साठ म्हणजे हात पक्का ना, ताई?”

“साठ म्हणजे पक्का. पण एका दिवसावर नको. महिनाअखेर परीक्षा घेऊ, तुमच्यासमोर. त्यात साठ आले की मी सहीनिशी लिहून देते.”

“आणि नाही आले तर मी दुसऱ्या दिवशी किल्ली देणार. मग रडायचं नाही, बाबा.”

“रडायला काय झालं? आजच एकसष्ट आलेत,” काका म्हणाले आणि दाराशी उभ्या दाजींकडे पाहिलं. “या दाजी! तुमच्या कृपेने.”

दाजी खुर्च्या हलवून परत गेले.

आता खरं तर बायकोला बाजूला घेऊन सांगायचं होतं, की माझी चूक झाली, आकडा चुकला. तीन वाक्यं. पण दाजींचा पिंडच असा की माणसाशी बोलायची वेळ आली की ते स्क्रिप्ट लिहीत. त्यांनी एक नवी ओळ लिहिली: दवाखान्यातला कॉम्प्युटर रोज पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा लगाम एकाने सैल करायचा. आज चाळीस, उद्या एक्केचाळीस, परवा बेचाळीस. परीक्षेपर्यंत दवाखान्याचे एकवीस दिवस होते. शेवटच्या दिवशी बरोबर साठ. कुणाला पत्ताही लागणार नव्हता. कळत-नकळत हातही तयार होत जाईल. फसवणूक दुरुस्त करायला फसवणूकच, पण हप्त्याहप्त्याने. दाजींना स्वतःचं कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी घड्याळकाकांनी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर गाठलं.

“दाजी, बसा. घाईत नाही ना?”

“नाही, म्हणजे, तसा...”

“परवा दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद होती. काल दोन सत्तेचाळीस. आज दोन चव्वेचाळीस. कोण दुरुस्त करतंय?”

“काय दुरुस्त?” दाजी म्हणाले.

“पडद्यावरचं घड्याळ. पहिल्या दिवशी त्याची दोन मिनिटं चांगली तीन मिनिटांची होती. पन्नास वर्षं दुसरं केलंय काय मी? मागे पडणारं घड्याळ मला झोपेतही ऐकू येतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“घड्याळ मागे असलं की गिऱ्हाईक खूश असतं. उशीर झालाय असं कधी वाटतच नाही.” काकांनी उजवा हात उघडून पाहिला, मिटून पाहिला. “आणि खरं सांगू? एक्कावन्न खोटे आहेत हे मला कळत होतं. हाताला कुठे कळत होतं? चार महिने तो लाथा खाऊन बसलेल्या कुत्र्यासारखा कोपऱ्यात पडलेला. त्या दिवशी पहिल्यांदा उठून शेपटी हलवली त्याने.”

दाजींनी मग सगळं सांगितलं. चाळीस, साठ, बेडूक, रोजचा एक. बायकोला सांगायची तीन वाक्यं काकांसमोर तीस झाली.

“ताईला?” काकांनी विचारलं.

“नाही सांगितलं.”

“चांगले शूर आहात.”

“तिला आत्ता सांगितलं तर ती लगेच साठ लावेल. मग तुमचे आकडे...”

“पडतील, आणि मोबाईलची कव्हरं लागतील.” काका उठले. “चालू ठेवा तुमचं. पण रोजचा आकडा मला सांगायचा. माझ्या हाताशी खोटं बोला, माझ्याशी नको.”

पुढचे पंधरा दिवस दोघांचा कट चालला. दाजी सकाळी आकडा कळवत. काका दांडीला भिडत. त्यांचा हिशोब साठच्या आसपास अडकला, कधी एकसष्ट, कधी सत्तावन्न. आकडा जागचा हलत नव्हता आणि हात मात्र पुढे जात होता. मुख्याध्यापिका बाईंना हे कोण सांगणार? त्यांचे अठ्ठावन्न एकेकाने गळत पन्नासावर आले.

“ताई, माझा हात उतरणीला लागलाय का गं?” त्यांनी डोळ्यांना पदर लावून विचारलं. मूळच्या चव्वेचाळिसापेक्षा त्या किती पुढे आल्या होत्या हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक त्या वेळी खुर्च्या हलवत होता. दाजींना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. तरीही ते बोलले नाहीत. अजून सहा आकडे उरले होते.

परीक्षेच्या सकाळी दाजी लवकर दवाखान्यात आले. स्क्रिप्टने ठरल्याप्रमाणे साठ लावले होते. दाजींनी पडद्यावर आणखी एक फाइल तयार ठेवली होती. तिच्यात चाळीस होते. काका आले तसे दाजी खालच्या आवाजात म्हणाले, “काका, काल एकोणसाठला तुमचे एकदम त्रेपन्नच आले. आज चाळीस लावतो. एक क्लिक. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल,” काका म्हणाले. “आणि घड्याळातल्या स्क्रूला कळेल.”

ताई आली, लेक आली, बाईही मुद्दाम थांबल्या. काकांनी दांडी धरली. खऱ्या वेगाने फळं पडताना दाजींनी पहिल्यांदाच नीट पाहिली. डुलणं वगैरे काही नव्हतं. फळ पडायचं तसं पडत होतं. काकांची जीभ दातांत धरलेली, टोपली सपासप इकडून तिकडे. दोन मिनिटं संपली.

चोपन्न.

“साठ म्हणाला होतात,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, पण फाइल बंद करायची सवय होती.

“असं कसं?” ताईने पडद्याकडे पाहिलं. “महिन्याच्या सुरुवातीला एकसष्ट होते! काका, रात्री झोप झाली ना नीट?”

“झाली,” काका म्हणाले. दाजींकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. किल्ली जाणार होती आणि म्हातारा तोंड मिटून बसला होता, हे दाजींना सहन होईना.

“एकसष्ट खोटे होते,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. या वेळी खरंच तीन वाक्यांत.

“म्हणजे मी खाली नाही गेले?” पहिल्यांदा बाईच बोलल्या.

“नाही बाई. तुम्ही वरच आलात. फळं वेगात पडायला लागली.”

“मग माणसाने सांगायला नको का!” बाई ओरडल्या. पस्तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज होता तो. दाजी आपोआप सरळ उभे राहिले.

लेक पुढे झाली. “आधीचे एकसष्ट खोटे?”

“खोटे म्हणजे... सावकाश.”

“आणि आजचे चोपन्न?”

“खरे.”

“कशावरून?”

“मूळ वेग साठ आहे, असं फोरमवर एकाने मोजून सांगितलंय.”

“त्याचं नाव?”

दाजींनी एक खुर्ची हलवली. “बेडूक.”

लेकीने बापाकडे पाहिलं. काकांनी डाव्या मुठीतलं जुनं स्टॉपवॉच उघडून दाखवलं. “दोन मिनिटं, शून्य सेकंद. बेडकाचं बरोबर आहे.”

“बरं. मग साठ म्हणजे हात पक्का, हे कुणी ठरवलं?” लेक आता ताईकडे वळली.

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं. “गेमच्या खोक्यावर छापलं होतं,” ती हळूच म्हणाली. सहा वर्षं ती त्या खोक्याच्या जिवावर माणसांना पक्कं-कच्चं ठरवत आली होती. नवऱ्याला खाऊ की गिळू करायला निघालेली ती नजर वाटेतच वळली. “तुमच्याशी घरी बोलते,” एवढंच तिने दाजींना सांगितलं, आणि मग काकांना, “चला. दुकानात चला.”

“आत्ता?”

“फळं विकणार आहात का तुम्ही? घड्याळं ना? मग घड्याळावरच बघू.”

दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी बसू शकणार नाहीत एवढी जागा. आत काका, बाकीचे फुटपाथवर. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, एक मनगटी घड्याळ उघडलं आणि चिमट्यात स्क्रू धरला. तिळाहून लहान. तो निसटला. दुसरा भोकापर्यंत गेला आणि तिथून उडाला. तिसरा बसला, पण तोवर काकांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी फळीवरचं गजराचं घड्याळ काढलं, मागचं झाकण उघडलं, चाकं सुटी केली, पुसली, परत बसवली, किल्ली दिली. ते चालू लागलं. अर्धा तास लागला. पूर्वी दहा मिनिटं लागत, असं काका स्वतःच म्हणाले.

ताईने काउंटरवरच कागद मागून घेतला आणि लिहिलं: ‘मोठे स्क्रू: जमतात. छोटे स्क्रू: अजून नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघावे.’ खाली सही केली.

लेकीने तो कागद दोनदा वाचला. नोकरीत तिच्यापुढे पानापानांचे दाखले येत. काहीच लपवत नसलेला कागद ती बहुधा पहिल्यांदाच बघत होती. “सहा महिने,” ती अखेर म्हणाली. “फक्त भिंतीवरची आणि गजराची. मनगटी घेतलेलं दिसलं तर मी स्वतः कुलूप लावीन.”

“मनगटी सरावाला घेईन. माझीच, जुनी.”

“आणि स्क्रू पडले तर वाकायचं नाही. तोल गेला तर कोण बघणार?”

यावर सगळ्यांनी एकदमच दाजींकडे पाहिलं. कुणी ठराव मांडला नाही. बाईंनी मात्र अनुमोदन दिलं.

तेव्हापासून दर शनिवारी ग्रंथालय सुटलं की दाजी घड्याळकाकांच्या दुकानात काउंटरखाली गुडघ्यांवर असतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दोरीला बांधलेलं लोहचुंबक. या कामाला स्क्रिप्ट नाही, हे त्यांनी पहिल्या शनिवारीच तपासून घेतलं. घरी बायको बोलायला लागली आहे. फक्त दवाखान्यात काहीही बदललं की आधी तिला तोंडाने सांगायचं, अशी अट आहे, आणि दाजी ती पाळतात, कधी कधी आकडे विसरतात म्हणून कागदावरून वाचून.

“सापडला!” ते काउंटरखालून ओरडतात आणि बोटावर चिकटलेला कण वर धरतात.

काका भिंगातून बघतात. “हा परवाचा. आजचा अजून खालीच आहे.”